एकोणीस इंची हट्ट

बशीर वेल्डर आणि ती मोटार पहिल्यांदा समोरासमोर आले तेव्हा मोटारीच्या टपावर सव्वीस कोंबड्या बसल्या होत्या, डिकीत मुंगसाचं अख्खं खानदान नांदत होतं आणि स्टिअरिंगवर कबुतरांची चौथी पिढी अंडी उबवत होती. हा आकडा दोन वर्षांपूर्वीचा. बशीरच्या तोंडी कोंबड्या वाढत जातात. यंदाच्या उन्हाळ्यात त्या चाळीसवर गेल्या आणि मुंगसांच्या जागी बिबट्या आला. बिबट्याने बशीरकडे पाहिलं, बशीरने बिबट्याकडे पाहिलं, बशीरच्या हातात गॅसकटर होता म्हणून बिबट्या मुकाट्याने मागच्या सीटवरून उतरून गेला. मग बशीरने दाराच्या मुठीला हात लावला आणि आतून कुणीतरी म्हातारं माणूस खाकरलं. निदान बशीरला तसं ऐकू आलं. दार त्याच्या हातातच आलं, हे मात्र खरं.

शहाद्याबाहेरच्या एका बंद पडलेल्या जिनिंगची शेड पाडायचं काम होतं. बशीरला छपराच्या लोखंडी कैच्या कापायला बोलावलं होतं. शेडच्या टोकाला सरकीच्या कुजक्या ढिगाखाली ही मोटार निघाली. मालकाच्या पणजोबांनी ती नव्वदेक वर्षांपूर्वी आणली होती. पणतू पुण्याला राहत होता आणि त्याला सगळं लवकर आटपायचं होतं. तो म्हणाला, हेही भंगार घेऊन जा. बशीरने मान हलवली, पण त्याचं लक्ष चाकांवर होतं. टप कुजला होता, मडगार्ड गळून पडले होते, गाद्या उंदरांनी संपवल्या होत्या. चाकं मात्र शाबूत होती. तारांची, सडसडीत, मांडीपर्यंत उंच चाकं. वरचे टायर हात लावताच शिळ्या पापडासारखे मोडले.

बशीरचं वय तेव्हा बावन्न. एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत त्याचं वेल्डिंगचं दुकान. खिडक्यांचे ग्रिल, दुकानांची शटरं आणि उसाच्या बैलगाड्यांचे मोडलेले आस, एवढ्यावर घर चाललेलं. त्याने ती मोटार ट्रॅक्टरमागे बांधून गल्लीत आणली तेव्हा त्याची बायको शमा दारात उभी होती. तिने मोटारीला एक फेरी मारली आणि एवढंच विचारलं, "अर्शियाके अब्बा, घरमा आखो एक डोकरी आननी व्हती, ते मन्ही सासू काय कमी व्हती?"

अर्शिया ही त्यांची मुलगी, नंदुरबारला डिप्लोमा करणारी. तिने फोनवर शोधून सांगितलं की परदेशात अशा गाड्यांना हॉट रॉड म्हणतात. जुनी गाडी घ्यायची, मडगार्ड काढायचे, टप काढायचा, दुसरं दांडगं इंजिन बसवायचं आणि उंच बारीक चाकांवर पळवायची. बशीरने ते फोटो चष्मा लावून पाहिले, चष्मा काढून पाहिले. अर्धं काम गंजानेच करून ठेवलंय, हे त्याच्या लक्षात आलं. उरलेलं अर्धं त्याने दीड वर्षात केलं. एका मेलेल्या जीपचं डिझेल इंजिन पुढे बसवलं, बसायला एसटीच्या भंगारातली बाकडी लावली, आणि विटांवर उभी असलेली ती मोटार एका शुक्रवारी दुपारी अशी गरजली की शेजारच्या पिठाच्या गिरणीवाल्याने आपली मोटर जळाली समजून बटण बंद केलं.

राहिले टायर.

इथे चुडामण आला. चुडामण हा बशीरचा चौथीपासूनचा मित्र. डोंगरगाव रस्त्यावर त्याचं टायरचं दुकान, बाहेर काचेत चकचकीत मॅगव्हील. शहाद्यातल्या ज्या पोरांच्या गाड्या खांदे उडवत चालल्यासारख्या दिसतात, त्या सगळ्यांना जाड टायर चुडामणने घातलेत. जगातल्या सगळ्या दुखण्यांवर त्याच्याकडे एकच औषध, ते म्हणजे रुंदी. त्याने बशीरच्या मोटारीकडे पाहिलं आणि जीभ टाळूला लावून आवाज काढला.

"बशीर, गाडी आधीच डोकरी, तिन्हा पाय काडीना. जाड टायर टाक. चार लोके मान वळाईसन देखतीन."

"डोकरीले जाडा बूट घाला, ते डोकरी चालत नही. बूट चालस," बशीर म्हणाला.

त्या दिवसापासून बशीरचा हट्ट सुरू झाला. टायर उंच हवा, बारीक हवा आणि चारही मिळून आठ हजारांत हवेत, कारण शेडचं उरलेलं भंगार विकून तेवढेच हातात आले होते. रिम एकोणीसची होती. आजकाल एकोणीसचे टायर मिळतात ते मोठ्या साहेबांच्या गाड्यांना, पाटासारखे रुंद आणि भाकरीएवढ्या उंचीचे. ते या रिमवर बसलेच नसते. मुंबईच्या एका जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याला अर्शियाने फोन लावून दिला. त्याने किंमत आधी डॉलरमध्ये सांगितली. मग रुपयांत सांगितली. बशीरने विचारलं, चारचे का? तो म्हणाला, एकाचे, ट्यूब वेगळी.

मग बशीरने बुलेटच्या पुढच्या चाकाचा टायर चढवून पाहिला. तोही एकोणीसचा. मोटार चरख्यावर उभी केल्यासारखी दिसायला लागली आणि इंजिनाचं वजन पडताच टायरने मान टाकली. ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकाचा टायर उंच होता, बारीक होता, पण सोळाचा होता. त्यासाठी तारांची चाकं फेकून द्यावी लागली असती. बशीर म्हणाला, मग मोटारच फेकतो. चुडामण रोज संध्याकाळी दुकान बंद करून यायचा, चहा घ्यायचा आणि विटांवरच्या मोटारीला विचारायचा, काय आजीबाई, पाय आले का?

आणि इतके दिवस, उसाच्या हंगामात, बशीर रोज एका तरी बैलगाडीखाली पाठ टेकून निजत होता. मोळगीकडच्या एका पाड्यावरचा दलसिंग दर हंगामात आपली बैलजोडी घेऊन ऊस वाहायला खाली यायचा आणि त्याच्या गाडीचा आस दर हंगामात एकदा तरी मोडायचा. घरी तो भिलीत बोलायचा, बशीरशी अहिराणीत. त्या दिवशी बशीर त्याच्या गाडीखाली झोपून वेल्डिंग करत होता. ठिणग्या थांबल्या, त्याने काच वर केली, मान वळवली. नाकापासून वीतभर अंतरावर टायर होता. त्यावर आकडा होता. सहा, आणि पुढे एकोणीस.

पंचवीस वर्षं तो या टायरांच्या सावलीत काम करत होता. आस पाहिला, बेअरिंग पाहिली, बैलाचं शेण पाहिलं. टायर पाहिला नव्हता. तो तसाच गाडीखाली पडून राहिला. दलसिंगला वाटलं करंट लागला. त्याने पायाने बशीरचा बूट हलवून पाहिला.

दलसिंगने हंगामातल्या गाडीवानांकडून अर्धे झिजलेले चार टायर गोळा करून दिले. सात हजार दोनशे झाले. बशीरने रिमला पट्टी वेल्ड करून ती किंचित रुंद केली आणि टायर चढवले. मोटार विटांवरून खाली आली. उंच, सडपातळ, मान ताठ. नवसाला पायी निघालेल्या बाईसारखी दिसत होती. अर्शियाने टायरवरची इंग्रजी अक्षरं वाचली आणि बापाला सांगितलं की यावर लिहिलंय, फक्त जनावराने ओढायच्या वाहनासाठी. जोरात पळवला तर तापून फुटेल. बशीर म्हणाला, ही जोरात पळणार आहे असं तुला कुणी सांगितलं?

दलसिंग मात्र बराच वेळ मोटारीभोवती फिरला. मग म्हणाला, "काठीनी होळीना बांबू बी असाच ऱ्हास. उंच, बारीक. आखं गाव हातवर उभा करस. जाड खांब तठे कोनी आनत नही."

सातपुड्यातल्या काठी गावच्या होळीचं हे वाक्य बशीरने शहादाभर केलं. एसटी स्टँडसमोरच्या चहाच्या टपरीवर त्याने ते तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा चुडामण बाकावर होताच. तो म्हणाला, बांबूचं राहू दे, ही बैलगाडीची चाकं आहेत, ही मोटार धडगाव फाट्याच्या पुढे जाणार नाही. बशीर म्हणाला, काठीला जाईल. टपरीवरची चार टाळकी सरसावून बसली आणि पैज तिथेच ठरली. होळीच्या दिवशी, सूर्य बुडायच्या आत, मोटार आपल्या इंजिनाच्या बळावर काठीला पोचली तर चुडामण मुंबईहून अस्सल टायर मागवून देणार, चारही. नाही पोचली तर मोटार चुडामणची.

"आनि मी तिले जाड टायर टाकीसन दुकानपुढे उभी करसू," चुडामण म्हणाला. "जाहिरातले."

मोटार गेली असती तर बशीरला दुःख झालं असतं. पण जाड टायर घातलेली मोटार रोज येता-जाता पाहावी लागली असती, तर तो गाव सोडून गेला असता. त्याने हात पुढे केला आणि चुडामणने त्यावर टाळी दिली.

होळी रमजानात आली. पहाटे सहेरी करून, नमाज पढून बशीर निघाला तेव्हा शेजारच्या बाकड्यावर शमा येऊन बसली. हातात पिशवी, पिशवीत खजूर आणि पाण्याच्या बाटल्या. ती म्हणाली, मोटार रस्त्यात मेली तर मयताला घरचं एक माणूस तरी असायला हवं.

तळोद्यापर्यंत सगळं ठीक होतं. होळीला सातपुड्यातला माणूस जिथे असेल तिथून घरी निघतो. नाशिककडून, सुरतेकडून भरलेल्या जीपगाड्या मागून येत, टपावरची पोरं शिट्या मारत, हात हलवत पुढे जात. प्रत्येक गाडी पुढे जाई. एक सायकलवाला पुढे गेला तेव्हा शमाने बशीरकडे पाहिलं. अक्कलकुव्याजवळ हायवेच्या ट्रकांनी भोंगे वाजवून कान फोडले. दर दहा किलोमीटरला बशीर उतरून टायरला हात लावून पाही, ताप आलेल्या लेकराचं कपाळ पाहावं तसा. टायर कोमट होते. त्याहून जास्त नाही.

मग घाट लागला. मोटारीने पहिल्या गिअरमध्ये मान खाली घातली. तिने तीनदा पाणी पिलं. बशीरने आणि शमाने एकदाही नाही, रोजा होता. वर एका वळणावर रस्त्याचं काम निघालं होतं आणि पन्नास-साठ फूट नुसती सैल खडी पसरली होती. तिथे सुरतेची एक नवीकोरी गाडी अडकली होती. जाड टायर, चुडामणला पाहून रडू आलं असतं असे. ती टायर गरागरा फिरवत होती आणि खडीवर तरंगत होती, खाली जमिनीला लागतच नव्हती. बशीरने मोटार थांबवली नाही. थांबवली असती तर पुन्हा निघाली नसती. बारीक टायर खडीत सुरीसारखे शिरले, खालच्या कडक जमिनीला टेकले आणि मोटार थरथरत, धूर सोडत, इंच इंच करत वर निघून गेली.

शमाने पिशवी छातीशी धरली होती. वर आल्यावर ती म्हणाली, "चालस हाई." आणि मग बराच वेळ मागे वळून त्या सुरतेच्या गाडीकडे पाहत राहिली. दीड वर्षांत तिने मोटारीबद्दल काढलेला हा पहिला बरा शब्द. बशीरच्या आयुष्यातल्या या सर्वांत मोठ्या क्षणाला साक्षीदार दोनच होते, एक बायको आणि दुसरा तो सुरतवाला, आणि सुरतवाल्याचं डोकं त्या वेळी खिडकीबाहेर, आपल्याच टायरकडे होतं.

काठी सात-आठ किलोमीटर उरली होती. चार वाजले होते. मोळगीच्या अलीकडे होळीचा बंदोबस्त लागला होता आणि तिथे एका तरुण साहेबाने हात आडवा केला. त्याने मोटारीकडे बघून आधी टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी घातली. कागद मागितले. बशीरने जिनिंगवाल्या पणजोबांच्या नावाचं मोटारीचं नोंदणी पुस्तक दिलं. त्यावरचा सरकारी शिक्का इंग्रजांचा होता. साहेबाने ते आदराने परत केलं. मग तो वाकला आणि टायर वाचला.

"काका, हा बैलगाडीचा टायर आहे."

"हो साहेब."

"यावर मोटार चालवता येणार नाही. इथेच बाजूला लावा."

बशीरने पुढच्या रस्त्याकडे पाहिलं. बैलगाड्या जात होत्या, एकामागून एक, बायका-पोरांनी भरलेल्या. त्याने विचारलं, "आणि बैलगाडी जाऊ शकते?"

"बैलगाडीला कोण अडवतंय?"

"तिला कागद लागत नाहीत?"

"नाही लागत."

"मग साहेब, हिला बैल जोडले तर?"

साहेब पुन्हा वाकला. टायर पुन्हा वाचला. तो प्रामाणिक माणूस होता आणि टायरवर जे लिहिलं होतं ते स्वच्छ लिहिलं होतं. तो म्हणाला, तर मग ती माझ्या मते बैलगाडी.

दलसिंगने मोळगीच्या नाक्यावर भेटायचं आधीच ठरलं होतं. कुणीतरी निरोप नेला आणि अर्ध्या तासात तो आला. होळीची पाळणूक, म्हणजे व्रत, धरलेला, अंगभर राखेचे ठिपके, कमरेला घुंगरं, डोक्यावर मोरपिसांचा उंच टोप. मागे त्याची गाडी, गाडीत त्याची बायको फुलीबाई आणि दोन म्हाताऱ्या. सगळं ऐकून तो कामाला लागला. बैल सोडले, जू मोटारीच्या पुढच्या पट्टीला दोरांनी बांधलं. फुलीबाई आणि म्हाताऱ्या मागच्या बाकड्यावर येऊन बसल्या आणि एसटीत बसल्यासारख्या खिडकी शोधू लागल्या.

आता पैज आठवा. आपल्या इंजिनाच्या बळावर, असं ठरलं होतं. बशीरने साहेबाला विचारलं, इंजिन चालू ठेवलं तर चालेल का? साहेब म्हणाला, बैलगाडीत तुम्ही काय चालू ठेवता तो तुमचा प्रश्न.

बशीरने पहिला गिअर टाकला. दलसिंग पुढे, घुंगरं वाजवत. त्याच्यामागे बैल. बैलांमागे गुरगुरणारी मोटार. दोर ढिला होता, मध्ये झोळीसारखा लोंबत होता, आणि तो तसाच ढिला राहावा म्हणून बशीर पायाच्या अंगठ्याने ॲक्सिलेटर तोलत होता. बैल मोटार ओढत नव्हते. ते आपले पुढे चालत होते, घरी निघालेल्या बैलांना जेवढी घाई असते तेवढ्या घाईने. एका चढावर दोर एकदा ताणला, हे शमाही कबूल करते. पण ती चूक बैलांची होती.

सूर्य डोंगराला टेकायच्या आधी ते काठीला पोचले. माळावर माणसांचा समुद्र, ढोल, बासऱ्या, आणि चुडामण. तो दुपारीच जाड टायरांवरून आला होता. एका दगडावर उभा राहून वाट पाहत होता. त्याला गर्दीत आधी मोरपिसं दिसली, मग बैल, मग मोटार. त्याने फोन वर धरला आणि फोटो काढला.

बशीर खाली उतरून ओरडत होता, दोर बघ, इंजिन ऐक. ढोलांत कुणाला काय ऐकू येणार. तेवढ्यात सूर्य गेला. चुडामण गर्दीतून वाट काढत आला, पाण्याची बाटली उघडून बशीरच्या हातात दिली आणि म्हणाला, "पहिले रोजा सोड, मंग भांडूत."

शमाने खजूर वाटले. चुडामणलाही दिला, पण दोन बोटांनी.

भांडण ईदपर्यंत चाललं. फोटो शहाद्यातल्या प्रत्येक फोनमध्ये गेला. बैल, मोरपिसांचा टोप घातलेला माणूस, मागे मोटारीत ऐटीत बसलेल्या दोन म्हाताऱ्या. फोटोत इंजिनाचा आवाज येत नाही. लोंबणारा दोर बैलांच्या आड गेला होता. टपरीवरच्या चार टाळक्यांनी फोटो मोठा करून पाहिला, लहान करून पाहिला आणि निकाल दिला, मोटार बैलांनी ओढत आणली. शमा स्वतः टपरीवर गेली, आयुष्यात पहिल्यांदा. घाट, खडी, सुरतेची गाडी, सगळं तिने उभ्याने सांगितलं. टाळकी म्हणाली, भाभी, तुम्ही घरच्याच. ती म्हणाली, मन्हाइतकी वाईट त्या मोटारले आखा शहादात कोनी बोलनं नही, मी कशी घरनी? निकाल काही फिरला नाही.

ईद झाल्यावर तिसऱ्या दिवशी, भर बाजाराच्या वेळी, बशीरने मोटार बाहेर काढली. बैल नाहीत, दोर नाही, धक्का नाही. एसटी स्टँडला एक पूर्ण फेरी मारली, टपरीसमोर हॉर्न दाबून धरला आणि आपल्या इंजिनावर थेट चुडामणच्या दुकानापुढे नेऊन उभी केली. दोन-अडीचशे माणसं मागे. चुडामण गल्ला सोडून बाहेर आला. त्याच्या चेहऱ्यावरून वाटत होतं की तो आता काहीतरी मोठ्या मनाचं बोलणार.

बशीरने त्याला बोलू दिलं नाही. जॅक काढला, मोटार उचलली, खाली विटा लावल्या आणि एकेक चाक काढून त्यावरचा टायर उतरवायला बसला. चारही. रिमा तेवढ्या परत जागेवर लावल्या.

"टायर कथा लई जास?" चुडामणने विचारलं.

"हाई बैलगाडीना टायर शेतस, तूच सांगना व्हता," बशीर म्हणाला. "पैज मोटारनी व्हती."

आणि चार टायर एकावर एक खांद्याला अडकवून तो डोंगरगाव रस्त्याने चालत घरी गेला. मागे वळून पाहिलं नाही. शमा दारात होती. तिने दोन टायर स्वतः उतरवून घेतले.

मोटार अजून चुडामणच्या दुकानापुढे विटांवर उभी आहे, कारण त्या रिमवर बसेल असा जाड टायर निघत नाही. दोन टायर दलसिंगच्या गाडीला लागले. उरलेले दोन बशीरने पुढच्या हंगामात विकले.